पेठेतल्या खाण्याचं एका दिवसाचं संग्रहालय कसं भरवावं

हॉल, टेबलं, मांडव यांबद्दल काही सांगत नाही; दरवर्षी गणपती बसवणाऱ्या पुणेकराला ते येतं. भांडी मिळवणंही सोपं. माळ्यावरची जाती, पुरणयंत्रं, मोदकपात्रं लोक हौसेने काढून देतात. ताब्यात घेतानाच मालकासह फोटो काढा, आणि चिंच लावून लखलखीत करायचा मोह आवरा.

खरी परीक्षा पाटी लिहिताना होते. पहिल्या वर्षी मी वही घेऊन घरोघर विचारलं, "हे किती जुनं?" निम्म्या घरांतून एकच उत्तर आलं, "पेशव्यांच्या काळातलं." मी तेच लिहून मोकळा. त्यात एक ॲल्युमिनियमचा डबा होता. एका निवृत्त मास्तरांनी तो उचलला, पाटी वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पेशवाई १८१८ ला बुडाली, हा धातू वेगळा काढला १८२५ ला. बाजीरावांना आगाऊ मिळाला होता का?"

तेव्हापासून मी वय विचारत नाही. विचारतो, "आजी, हे पानशेतच्या आधीचं की नंतरचं?" १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तो दिवस जुन्या माणसांच्या डोक्यात पक्का आहे. एका आजींनी पातेल्यावर हात ठेवून सांगितलं, "हे गाळातून काढलं, आत गव्हाचा लगदा होता." पाटीवर तेवढंच लिहिलं. लोक तिथेच सगळ्यात जास्त रेंगाळले.

अशा खुंट्या आणखी आहेत. मापटं-चिपटं वापरलंत की थेट किलो? बहात्तरच्या दुष्काळात रेशनची मिलो (आयात केलेली लाल ज्वारी) खाल्लीत का, भाकरी कशी व्हायची? त्यावर आजी आधी तोंड वाकडं करतात, मग अर्धा तास बोलतात. फोनवर रेकॉर्ड करा, पण टीव्ही बंद करायला लावा. सूनबाई मधेच "अहो आई, तसं नव्हतं" म्हणाल्या तर तेही राहू द्या.

भांडं उलटंपालटं करून घातलेलं नाव वाचाच. 'चि. अमुक याच्या मुंजीप्रीत्यर्थ' आणि साल दिसलं की भांडं निदान तितकं जुनं. निदान! नाव मागाहूनही घालतात. घरचे काहीही सांगोत, पाटीवर मी 'त्या सालचं किंवा त्याआधीचं' इतकंच लिहितो.

आणि कृपा करून नुसतं अळूचं फदफदं मांडून त्याला पुण्याचा खाद्यइतिहास म्हणू नका. भांडी घडवणारी तांबट आळी, भवानी पेठेतल्या मटणाच्या चुली, कॅम्पातल्या इराणी बेकऱ्या कुठे गेल्या? तिथेही वही घेऊन जा.

चवीला द्रोणभर पुरे. ताक किंवा आमटी कल्हई उडालेल्या पितळेत वाढू नका, फोटोत कितीही शोभो. भांडी त्याच रात्री परत करा. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन येतोच.