टूर कंपनीविरुद्धची तक्रार सहलीतच लिहायला घ्या

अकरा वर्षं मी एका टूर कंपनीत तक्रारी हाताळत होते. ग्राहकाची प्रत्येक मेल आधी माझ्याकडे यायची. कोणती तक्रार पैसे परत मिळण्यापर्यंत पोचते आणि कोणती 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' यावरच संपते, हे मी रोज पाहिलंय. माणसं वर्षभर पैसे साठवून सहलीला जातात आणि एक साधा कागद नसल्यामुळे हक्काचा परतावा घालवून बसतात, याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं.

बुकिंगच्या वेळी ब्रोशरच्या मागच्या पानावर असोसिएशनचे लोगो दिसतात. ट्रॅव्हल एजंट्स असोसिएशन ऑफ इंडिया 1951 पासून आहे, इंडियन असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्स 1982 पासून. लोगो पाहून निर्धास्त होऊ नका. सदस्यत्व क्रमांक मागा आणि त्या संस्थेकडूनच खात्री करून घ्या. पावतीवर जे नाव छापलंय, तेच नाव सदस्य म्हणून नोंदलेलं हवं. पाटीवर एक नाव, पावतीवर दुसरं आणि सदस्यत्व तिसऱ्याच भागीदारी संस्थेचं, असंही असतं. मग असोसिएशन 'ही कंपनी आमची सदस्य नाही' म्हणून हात वर करते.

आणि सदस्यत्व खरं असलं तरी त्याची ताकद किती, हेही समजून घ्या. ब्रिटनमध्ये 1950 साली स्थापन झालेल्या आब्टा या संघटनेच्या सदस्यांना आचारसंहिता पाळावी लागते, आणि वाद मिटला नाही तर ग्राहकाला स्वतंत्र लवादाकडे जाता येतं. विमानप्रवासासह घेतलेल्या पॅकेजसाठी तिथे ॲटॉल ही वेगळी योजना आहे. कंपनी बुडाली तरी प्रवाशाचे पैसे सुरक्षित राहावेत, हा तिचा हेतू. आपल्याकडे पर्यटन मंत्रालयाची मान्यतासुद्धा ऐच्छिक आहे. असोसिएशन पत्र लिहील, खुलासा मागेल, मध्यस्थी करेल; पण पैसे परत करण्याचा हुकूम न्यायालयासारखा देऊ शकत नाही. तरी तिला लिहाच. असोसिएशनचं पत्र आलं की आमच्याकडे फाइल थेट मालकांच्या टेबलावर जायची, एरवी ती माझ्यापाशीच अडकायची.

आता तक्रारीकडे येऊ. एका बाईंची तक्रार मला अजून डोळ्यांसमोर दिसते. वहीचं फाडलेलं पान, त्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं: 'रात्री 9.40. खोली 304. एसी बंद, बाथरूमला कडी नाही. टूर मॅनेजरना सांगितलं, दुसरी खोली नाही म्हणाले.' खाली टूर मॅनेजरची सही. सोबत फोटो आणि कार्यक्रमपत्रिकेची प्रत, तिच्यात ठरलेल्या हॉटेलच्या नावाखाली पेनाने रेघ. शेवटी मागणी एकच: दोन रात्रींच्या राहण्यातल्या फरकाची रक्कम. अकराव्या दिवशी त्यांचे पैसे जमा झाले. त्याच सहलीतल्या एका गृहस्थांनी महिनाभराने चार पानी मेल पाठवली होती. संताप अगदी खरा होता, पण तारीख नव्हती, खोलीचा नंबर नव्हता आणि मागणी काय तेही कळत नव्हतं. 'ग्राहकाने सहलीदरम्यान कळवलं नाही' हे आमचं छापील उत्तर त्यांना गेलं. ते मीच पाठवलं होतं.

म्हणून अडचण आली त्याच दिवशी लिहा. टूर मॅनेजर सही देत नसतील तर त्यांना आणि कंपनीच्या मेलवर दोन ओळी पाठवा; सहप्रवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून भागत नाही. कार्यक्रमपत्रिकेत हॉटेलच्या नावापुढे 'किंवा तत्सम' लिहिलेलं असतं. हॉटेल बदललं, एवढीच तक्रार केलीत तर कंपनी त्या शब्दावर बोट ठेवते. दर्जा कुठे घसरला ते दाखवा: तारांकन, ठिकाणापासूनचं अंतर, खोलीतल्या सोयी.

परतल्यावर कंपनीला एक मुद्देसूद मेल पाठवा. मागणी रुपयांत लिहा आणि उत्तरासाठी 15 दिवसांची मुदत द्या. कंपनी बहुधा पुढच्या सहलीसाठी क्रेडिट नोट देऊ करते. नको असेल तर लेखी नाही म्हणा. 'माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही' अशा कागदावर पैसे हातात पडण्याआधी सही करू नका.

दाद मिळाली नाही तर असोसिएशनला लिहा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करा. त्यानंतर ग्राहक आयोग. सहलीसाठी तुम्ही भरलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असं नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार दाखल करता येते. ब्रोशरच्या तळाशी बारीक अक्षरात 'वाद फक्त अमुक शहरातच' असं असतं, ते वाचून पुष्कळ जण माघार घेतात. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते. मुदत मात्र दोन वर्षांची, आणि कंपनीशी मेलामेली चालू आहे म्हणून ती थांबत नाही. सहलीवरून परतलात की ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.