टाकी बदलली, वजने तीच: स्कूबा डायव्हिंगमधील या चुका टाळा

तारकर्ली, नेत्राणी किंवा अंदमान येथे डायव्हिंग शिकलेल्या माणसाच्या पाठीवर बहुधा ॲल्युमिनियमची ८० घनफुटी (म्हणजे दाबून भरलेली सुमारे ८० घनफूट मोकळी हवा मावणारी) टाकी असते. तोच माणूस नोकरीनिमित्त ब्रिटनला गेला आणि लेस्टरशरमधील स्टोनी कोव्हसारख्या, पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीत उतरला, की त्याच्या हाती बहुतेक वेळा १२ लिटरची (हे आतल्या जागेचे माप) स्टीलची टाकी येते. पाण्याखाली राहण्यासाठी कमरेच्या पट्ट्यात लावायची शिशाची वजने किती हवीत, असे विचारले असता तो सवयीने ‘सहा किलो’ असे उत्तर देतो. हा आकडा मात्र त्या वेळची टाकी, सूट आणि पाणी या तिघांचा मिळून ठरलेला असतो. त्यांतील एक बदलले तरी तो पुन्हा काढावा लागतो.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे टाकी हाताने उचलून अंदाज बांधणे. किनाऱ्यावर या दोन्ही टाक्यांच्या वजनात फारसा फरक जाणवत नाही. रिकाम्या असताना दोन्ही साधारण १४ किलोंच्या आसपास भरतात. पाण्यात मात्र टाकीने किती पाणी बाजूला सारले, यालाही तितकेच महत्त्व असते. तोच दाब पेलण्यासाठी ॲल्युमिनियमची भिंत स्टीलपेक्षा बरीच जाड ठेवावी लागते, त्यामुळे आतली जागा सुमारे ११ लिटर असूनही टाकीचे बाहेरचे आकारमान मोठे होते. परिणामी समुद्रात ही टाकी रिकामी झाल्यावर दीड ते दोन किलोंच्या जोराने वर येऊ पाहते, तर १२ लिटरची स्टीलची टाकी रिकामी असतानाही एक किलोच्या आसपास खाली ओढते. म्हणून ॲल्युमिनियमवरून स्टीलवर जाताना साधारण अडीच ते तीन किलो वजन कमी करावे लागते आणि उलट जाताना तेवढेच वाढवावे लागते. हे आकडे मॉडेलनुसार बदलतात. टाकीच्या खांद्यावरच्या ठशांवरून धातू ओळखता येतो (अमेरिकी पद्धतीत ३एएल म्हणजे ॲल्युमिनियम, ३एए म्हणजे स्टील). पाण्यातील वर्तन मात्र त्या ठशांत नसते, ते उत्पादकाच्या तक्त्यात पाहावे लागते.

‘स्टीलची टाकी संपत आली तरी हलकी होत नाही’ हा समजही चुकीचा आहे. हलकी होते ती आतली हवा, आणि हवेला वजन असते: एक हजार लिटर मोकळ्या हवेचे सुमारे १.२ किलो. भरलेल्या ८० घनफुटी टाकीत अडीच किलोंहून थोडी अधिक, तर २३२ बार दाबाच्या १२ लिटर टाकीत तीन किलोंहून अधिक हवा असते. दोन्ही टाक्या डायव्हिंगच्या ओघात हलक्या होतात. फरक इतकाच, की ॲल्युमिनियमची टाकी बुडण्याकडून तरंगण्याकडे जाते आणि स्टीलची बुडण्याच्याच बाजूला राहते.

म्हणूनच सुरुवातीला सहज खाली गेलो, यावरून वजन योग्य असल्याचा निष्कर्ष काढू नये. स्टीलवरून ॲल्युमिनियमवर आलेला, वजन न वाढवलेला माणूस शेवटी ५ मीटरवरच्या सेफ्टी स्टॉपला (वर येण्यापूर्वी काही मिनिटे थांबण्याच्या टप्प्याला) टिकू शकत नाही. त्याची चूक लगेच उघड होते. माझ्या मते अधिक फसवी चूक उलट दिशेची आहे. वजन न काढता स्टीलची टाकी घेतलेला माणूस झरझर खाली जातो, त्यामुळे सर्व ठीक असल्यासारखे वाटते. पुढे तो जादा तीन किलो तोलण्यासाठी बीसीडीत (तरंगणे-बुडणे सांभाळण्यासाठी हवा भरता येणाऱ्या जॅकेटात) जादा हवा भरत राहतो, ती हवा खोली थोडी बदलली तरी फुगते किंवा आकसते, आणि दमछाक होऊन टाकीतली हवा लवकर संपते. खरी तपासणी टाकीत ५० बार उरलेले असताना, उथळ पाण्यात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करावी: बीसीडी पूर्ण रिकामे करून नेहमीचा श्वास रोखल्यावर पाणी डोळ्यांच्या पातळीवर यावे आणि श्वास सोडताच शरीर हळूहळू बुडावे. पाण्यावरच्या या क्षणभराच्या तपासणीपुरतेच श्वास रोखणे ठीक. डायव्हिंग करताना श्वास कधीही रोखू नये. भरलेल्या टाकीनेच तपासायचे असेल, तर वापरल्या जाणाऱ्या हवेचे दोन ते अडीच किलो त्यात मिळवावेत.

काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन स्टीलच्या भरवशावर सगळीच वजने काढून टाकतात. पातळ सूटमध्ये गणित तसे जुळूही शकते. परंतु टाकी आणीबाणीत सोडून देता येत नाही, कमरेच्या पट्ट्यावरचे वजन सोडून देता येते. बीसीडी फाटले तर वर कसे येणार, या प्रश्नाचे उत्तर तयार नसेल, तर अधिक हलकी टाकी घेऊन काही वजन सोडता येण्याजोगे ठेवणे बरे.

सूट आणि पाणी टाकीबरोबरच बदलले, तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा करावा. समुद्रातून गोड्या पाण्यात जाताना माणूस व साहित्य मिळून १०० किलो असल्यास सुमारे अडीच किलो कमी होतात. ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा, हवा राहणारा सूट) मात्र त्याहून कितीतरी अधिक वजन मागतो, त्यामुळे तेथे कागदावरच्या बेरजेवर विसंबू नये.

एकूण वजन बरोबर असूनही पाय वर किंवा खाली जात असतील, तर ती जागेची चूक असते. रिकामी होत आलेली ॲल्युमिनियमची टाकी तळाकडून उचलली जाते. अशा वेळी एक-दोन किलो कमरेवरून काढून टाकी बीसीडीला बांधणाऱ्या खालच्या पट्ट्यावर घ्यावेत. टाकी बांधणारा हा पट्टा मात्र आधी पाण्यात भिजवून, नव्या टाकीच्या व्यासानुसार पुन्हा आवळावा, कारण १८४ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या टाकीसाठी बसवलेला पट्टा १७१ मिलिमीटरच्या स्टीलच्या टाकीवर सैल राहतो आणि टाकी मधेच निसटते.