सिमेंट पत्र्याची जुनी चाळ घेताय? आधी पत्र्याचं बघा, मग भाड्याचं

जुनी बैठी चाळ, रो-हाऊस नाहीतर एमआयडीसीच्या कडेचा गाळा घेऊन भाड्याने द्यायचा विचार असेल तर हे वाचा. पिंपरी-चिंचवड भागात मी गेल्या अठरा वर्षांत अशा सहा मिळकती घेतल्या, आणि दर वेळी एजंट, गवंडी, नातेवाईक सगळे एकच सांगतात, घ्या, रंग मारा, भाडं लावा. मान वर करून छताकडे बघा असं एकजण सांगत नाही. आणि सगळा खर्च, सगळी डोकेदुखी, माणसांच्या जिवाचा धोकासुद्धा तिथेच वर असतो.

सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, सर्च रिपोर्ट, टॅक्सच्या पावत्या, गुंठेवारीचं असेल तर नियमित केल्याचा दाखला, हे वकिलाकडून तपासलंय असं धरते.

आत कोण राहतंय ते मात्र स्वतः जाऊन विचारा. जुना पागडीचा किंवा संरक्षित भाडेकरू असेल तर तिथलं भाडं तुम्ही ठरवायचंच नाहीये, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे वर्षाला ४ टक्के वाढ मिळते आणि विषय संपला. "घेतल्यावर बाहेर काढू" असं एजंट म्हणाला तर सरळ उठून या. खाली लिहिलंय ते सगळं रिकाम्या ताब्याच्या मिळकतीसाठी आहे.

पत्रा ओळखा

राखाडी, नळीदार, बोटाने वाजवला की टणटण न करता ठक्क वाजणारा पत्रा, ज्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो, दुकानदार एसी शीट म्हणतो. त्या एसीचा अर्थ ॲस्बेस्टॉस सिमेंट. ॲस्बेस्टॉस म्हणजे बारीक तंतूंचं खनिज, त्याची धूळ श्वासातून फुप्फुसात गेली की घातक. आयएसआयच्या शिक्क्याजवळ ४५९ नंबर दिसला तर प्रश्नच मिटला, तो ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नळीदार पत्र्याचाच नंबर आहे. शिक्का पुसला असेल तरी जुना पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे असंच धरून चाला, लॅबकडून तपासून घेता येतं पण जुन्या चाळीच्या बाबतीत मी तो खर्च करत नाही. छप्परच नाही, पावसाच्या पाण्याचे जुने सिमेंट पाईप, गच्चीवरची सिमेंटची टाकी, मधल्या पार्टिशनचे सपाट पत्रे, खिडकीवरचे छज्जे, हे सगळं त्यातच येतं.

आपल्याकडे हा पत्रा अजूनही कायदेशीर विकला जातो, म्हणून लोकांना वाटतं की एवढं काही नसेल. पण १९९५ साली सुप्रीम कोर्टाने ॲस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं होतं की कामगाराच्या तब्येतीचं रेकॉर्ड कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं जपून ठेवा. चाळीस वर्षं का, तर आजार तेवढ्या उशिरा वर येतो. फुप्फुसाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर), ॲस्बेस्टॉसिस (फुप्फुस कडक होत जाणं), हे आज धूळ गेली आणि उद्या खोकला आला असं नसतं, म्हणूनच कामावरच्या पोरांना ते पटत नाही.

ठेवायचा की काढायचा

माझं मत ठाम आहे, पत्रा धड असेल तर त्याला हात लावू नका. तडा नाही, कडा धाग्यासारख्या सुटलेल्या नाहीत, गळत नाही, मग तो डोक्यावर नुसता असल्याने धोका फार कमी असतो, तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. धोका होतो तो तोडताना, कापताना, भोक पाडताना, घासताना. शेवाळ काढायला प्रेशरचं पाणी मारणं हा सगळ्यात वाईट सल्ला, वरचा थर उडून तंतू मोकळे होतात आणि पाण्याबरोबर गटारात आणि शेजारच्या अंगणात जातात. धड पत्रा असेल तर आतल्या बाजूने न घासता रोलरने रंगाचे दोन हात द्या आणि सोडा.

तडे गेलेत, कडा फुटल्यात, आधीच्या मालकाने दहा ठिकाणी डांबर लावलंय, तर काढा. आणि हा हिशोब व्यवहार ठरायच्या आधी करा, कारण तो पैसा विकणाऱ्याच्या किमतीतून कमी व्हायला हवा, नंतर भाडेकरूच्या खिशातून निघत नाही.

काढताना

इथे मी पहिल्या वेळी चुकले म्हणून सविस्तर लिहिते. भोसरीजवळची चार खोल्यांची चाळ होती, मे महिना, पावसाच्या आत छप्पर बदलायचं म्हणून घाई. पत्रेवाला दोन पोरं घेऊन आला, बोल्ट गंजले होते तर ग्राइंडर लावला, निघेना तिथे हातोडा घातला. मी खाली उभी. दुपारपर्यंत शेजारच्या दोरीवरचे कपडे, तुळशीची पानं, पाण्याच्या हंड्यावरचं झाकण, सगळ्यावर पिठासारखी राखाडी धूळ. दोन लहान मुलं तुकडे गोळा करून त्याने फरशीवर घर आखत होती. आणि संध्याकाळी मीच झाडू घेऊन ते सगळं कोरडं झाडलं. आज ते चित्र आठवलं तरी पोटात खड्डा पडतो. ती मुलं आता कॉलेजला आहेत, दिसली की मला तेच आठवतं.

तेव्हापासून माझे नियम ठरलेत आणि मी ते कुठल्याही ठेकेदारासाठी बदलत नाही.

एप्रिल-मेमध्ये हे काम करत नाही. सगळं कोरडं ठणठणीत आणि वर वारा. दिवाळीच्या पुढेमागे, सकाळी वारा पडलेला असताना करते. खोली पूर्ण रिकामी, शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगायचं की दारं-खिडक्या लावा, कपडे आत घ्या, मुलं आणि जनावरं लांब ठेवा.

पत्र्यावर कुणीही पाय ठेवायचा नाही. जुना सिमेंट पत्रा वरून भक्कम दिसतो आणि मधोमध पाय पडला की माणसासकट खाली येतो, यात माणसं मेलेली आहेत. खालून परांची बांधून काम करायचं, वर जावंच लागलं तर अँगलवर आडव्या टाकलेल्या फळीवरूनच, बेल्ट लावून. "आम्ही रोज चढतो ताई" असं म्हणणाऱ्याला मी काम देत नाही.

आधी भिजवायचं. शेतकऱ्याचा पाठीवरचा फवारणी पंप असतो ना, त्यात पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, त्याने बारीक फवारा मारायचा, पाईपने धो धो नाही. पत्रा दोन्ही बाजूंनी ओला आणि कामभर ओलाच राहिला पाहिजे.

बोल्टवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारून ठेवायचं. सकाळी पान्याने सुटले तर उत्तम, नाही सुटले तर बोल्ट कटरने बोल्टच तोडायचा. ग्राइंडर, ड्रिल, करवत, हातोडा यातलं काहीही त्या दिवशी साइटवर दिसलं नाही पाहिजे, मी हत्यारांची पिशवी उघडून बघते, राग आला तर येऊ दे.

पत्रा अखंड खाली आणायचा. ३ मीटरचा पत्रा ४० किलोच्या आसपास जातो, ओला असला की अजून जड, म्हणून दोन माणसांत होत नाही, दोन वर दोन खाली लागतात. वरून टाकायचा नाही, सरकवायचा नाही, हातोहात द्यायचा.

तोंडाला रुमाल, सर्जिकल मास्क याचा काहीच उपयोग नाही. एन-९५ सुद्धा ॲस्बेस्टॉसला पुरत नाही, पी-१०० म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा रबरी हाफ मास्कच लागतो. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही, ते सांगायला लाजू नका. अंगावर कोरोनात वापरायचे तसले फेकायचे सूट घ्या. काम झालं की सूट ओला करून तिथेच पिशवीत बंद करायचा, घरी न्यायचा नाही. जगभरात कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांना हा आजार झालेला आहे, एवढं सांगितलं की पोरं गप ऐकतात.

शेवटी ओल्या फडक्याने पुसायचं. फडकीही फेकायची. कोरडा झाडू नाही, घरातला व्हॅक्यूम क्लिनर तर मुळीच नाही, तो धूळ मागून परत हवेत सोडतो.

काढलेल्या पत्र्याचं काय

भंगारवाला धड पत्रे आनंदाने नेतो आणि कुणाच्या तरी गोठ्यावर चढवतो, परत भोकं पाडून. मी देत नाही. जाड प्लॅस्टिकमध्ये दोन वेळा गुंडाळून, टेपने बंद करून, वर मोठ्या अक्षरात ॲस्बेस्टॉस लिहून ठेवायचं. तुकडेसुद्धा तसेच दुहेरी पिशवीत. हा घातक कचरा आहे, तो तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्या घातक कचऱ्याच्या केंद्रात पुरला जायला हवा. ती केंद्रं मुख्यतः कारखान्यांचा माल घेतात, म्हणून काम सुरू करायच्या आधीच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागातल्या ऑफिसात विचारा आणि ज्या ठेकेदाराची तिथे नोंद आहे त्याच्यामार्फत पाठवा. त्याला वेळ लागतो, खर्चही येतो, आणि तो खर्च अंदाजात धरा. रस्त्याच्या कडेला, नदीपात्रात, प्लॉट भरायला टाकू नका हो, पुढे तिथे कुणी घर बांधतं.

नवीन छप्पर रंगीत गॅल्व्हल्युमचं, म्हणजे जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचं, खाली उष्णतारोधक शीट घालूनच. नुसता लोखंडी पत्रा टाकलात तर एप्रिलमध्ये भाडेकरू खोली सोडतो.

आता भाडं

वेबसाइटवरचे आकडे मागितलेले असतात, मिळालेले नसतात. गल्लीत फिरा, किराणावाल्याला विचारा, आजूबाजूच्या चार खोल्यांत प्रत्यक्ष काय देतात ते विचारा, लोक सांगतात. माझ्या शेवटच्या सहा खोल्यांचा हिशोब सांगते. स्लॅबच्या खोलीला तिथे ७,००० होते, जुन्या पत्र्याच्या खोलीला ५,०००. छप्पर काढणं, पॅकिंग, नवीन छप्पर मिळून २,९०,००० लागले. नंतर ५,८०० ने गेल्या. म्हणजे खोलीमागे ८००, सहा खोल्यांचे महिन्याला ४,८००, वर्षाला ५७,६००. पाच वर्षांनी छपराचे पैसे वसूल. म्हणूनच मी विकणाऱ्याला छपराखाली उभा करून तडे दाखवले आणि किंमत ३ लाखांनी खाली आणली. ते झालं नसतं तर मी घेतली नसती. छपराचा खर्च भाड्यात घालून ६,५०० मागणाऱ्या मालकाची खोली तीन महिने रिकामी राहते आणि मग ती ५,५०० ला जाते, हे मी शेजारीच बघितलंय.

इन्कम टॅक्समध्ये भाड्यातून महापालिकेचा टॅक्स वजा करून राहिलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवता येत नाही. पण छप्पर बदलल्याची बिलं जपून ठेवा, पुढे विकताना सुधारणेचा खर्च म्हणून सीएला दाखवायला लागतात.

करार ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, आणि तो नोंदवायचाच. "११ महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही" हे चूक आहे, महाराष्ट्रात त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि नाही केलं तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं. स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के, नोंदणी फी शहरात १,०००. एवढ्यासाठी कुणी नोटरीवर भागवतं याचं मला आश्चर्य वाटतं. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्या.

जिथे जुना धड पत्रा ठेवलाय तिथे करारात एक अट मी स्वतः घालून घेते, पत्र्याला भोक पाडायचं नाही, डिश, पंखा, दोरी, काहीही त्याला अडकवायचं नाही, गळलं तर स्वतः एम-सील घेऊन वर चढायचं नाही, मला फोन करायचा. सही करून घ्यायच्या आधी भाडेकरूला खोलीत नेऊन पत्रा बोटाने दाखवते आणि का ते दोन वाक्यांत सांगते, बाईमाणूस घरात असेल तर तिलाही सांगते, कारण कपडे वाळत घालायची दोरी तीच बांधते. पंख्यासाठी वेगळा अँगल आणि दोरीसाठी भिंतीत हूक आधीच बसवून ठेवते.