ब्रिटनच्या व्हिसा अपिलात कायद्याचा मुद्दा मांडताना या चुका टाळा

नवरा लंडनला, बायको पुण्यात. स्पाउस व्हिसा नाकारला गेला आणि फर्स्ट-टिअर ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे पहिल्या पातळीच्या न्यायाधिकरणात, अपीलही फेटाळलं गेलं. अशा वेळी पुढचा अर्ज बहुतेकदा रागाच्या भरात लिहिला जातो: ‘आमचं लग्न खरं आहे, न्यायाधीशांनी विश्वास ठेवला नाही, आमच्यावर अन्याय झाला.’ यातला शब्द न् शब्द खरा असला तरी तेवढ्यावर पुढे अपील करायची परवानगी मिळत नाही. २००७च्या ‘ट्रायब्युनल्स, कोर्ट्स अँड एन्फोर्समेंट ॲक्ट’च्या कलम ११नुसार वरच्या पातळीच्या अप्पर ट्रायब्युनलकडे फक्त कायद्याच्या मुद्द्यावर जाता येतं. आधी बघायचं ते निकालपत्रात नेमकं काय चुकलं आहे.

न्यायाधीशांनी चुकीचा नियम लावला, निष्कर्षाची कारणंच दिली नाहीत, तुमची बाजू नीट मांडू दिली नाही, महत्त्वाचा पुरावा बघितलाच नाही, या सगळ्या कायद्याच्या चुका. समजा, परिच्छेद १९मध्ये लिहिलंय की दोघांत संपर्क असल्याचा पुरावा नाही. आणि तुमच्या बंडलमध्ये (ट्रायब्युनलला दिलेल्या कागदपत्रांच्या संचात) पान ६२ ते ८०वर दोन वर्षांच्या व्हिडिओ कॉलची नोंद आहे. मग असं लिहा: ‘परिच्छेद १९ : पान ६२ ते ८०वरचा पुरावा विचारात घेतलेला नाही. तो घेतला असता तर नातं खरं नाही हा निष्कर्ष बदलू शकला असता.’ यातलं शेवटचं वाक्य हमखास राहून जातं, आणि अर्ज तिथेच लंगडा पडतो. चूक झाली नसती तर निकाल वेगळा लागू शकला असता, हे दाखवावंच लागतं. मात्र न्यायाधीशांनी त्या नोंदी पाहून त्यांना कमी महत्त्व दिलं असेल, तर मुद्दा फार कच्चा आहे.

नवीन फोटो, नवीन पगारपत्रकं जोडून काम भागेल असं समजू नका. पहिल्या सुनावणीत जे न्यायाधीशांसमोर नव्हतंच, ते न बघणं ही सहसा त्यांची चूक ठरत नाही.

मुदतीत फार जण फसतात. अपील करणारी व्यक्ती ब्रिटनमध्ये असेल तर लेखी निकाल मिळाल्यापासून १४ दिवस, बाहेर असेल तर २८. वरच्या उदाहरणात अपील बायकोचं आहे, म्हणून २८. या दिवसांत अर्ज ट्रायब्युनलला मिळायला हवा. नुसता पाठवून चालत नाही. उशीर झालाच, तर मुदतवाढीची विनंती आणि उशिराचं कारण त्याच अर्जात लिहा.

परवानगीचा हा अर्ज आधी फर्स्ट-टिअर ट्रायब्युनलकडेच जातो. तिथे नकार आला तर थेट अप्पर ट्रायब्युनलकडे पुन्हा मागता येतं: ब्रिटनमध्ये असाल तर १४ दिवसांत, बाहेर असाल तर एका महिन्यात. तेव्हा जुनाच मजकूर चिकटवू नका. नकार देताना जी कारणं दिली आहेत, त्यांना एकेक करून उत्तर द्या. अप्पर ट्रायब्युनलनेही परवानगी नाकारली, तर त्याविरुद्ध हायकोर्टात जाण्याची वाट २०२२च्या ‘ज्युडिशियल रिव्ह्यू अँड कोर्ट्स ॲक्ट’ने जवळपास बंद केली आहे.