न्यूरोमॉर्फिक चिपवर न्यूरॉन बसवताना या चुका टाळा

न्यूरोमॉर्फिक (मेंदूतील चेतापेशींच्या, म्हणजे न्यूरॉनच्या, धर्तीवर चालणाऱ्या) चिपवर न्यूरॉनचे पहिले जाळे चढवणाऱ्याची तक्रार बहुधा दोनपैकी एक असते: न्यूरॉन एकही स्पाईक (क्षणिक संकेत) देत नाहीत, किंवा थांबायचे नावच घेत नाहीत. दोष चिपचा आहे असे मानण्याआधी त्या चिपने जैविक चेतापेशीतले नेमके काय उचलले आहे आणि काय सोडले आहे, हे पाहावे.

हॉजकिन आणि हक्सली यांनी 1952 साली मांडलेल्या चेतापेशीच्या समीकरणांमध्ये सोडियम आणि पोटॅशियमच्या आयनमार्गांचे (पेशीपटलातून आयन जाण्याच्या वाटांचे) उघडणे-मिटणे स्वतंत्रपणे मोजलेले असते. इंटेलच्या लोइही किंवा आयबीएमच्या ट्रूनॉर्थ या चिपांवर यांपैकी काहीही नसते. तिथे असतो तो गळका संचयक: येणारा प्रत्येक संकेत एका आकड्यात मिळवला जातो, तो आकडा प्रत्येक पावलाला (गणनेच्या छोट्या कालखंडाला) थोडा गळतो आणि उंबरठा ओलांडला की स्पाईक पाठवून पुन्हा खाली येतो. ‘ट्रूनॉर्थवर 10 लाख न्यूरॉन’ हे 2014 सालचे वाक्य खरेच आहे, पण ते 10 लाख न्यूरॉन या अर्थाचे आहेत. आयनमार्गांचा किंवा डेंड्राइटमधील (चेतापेशीच्या संकेत घेणाऱ्या फांद्यांमधील) घडामोडींचा अभ्यास करायचा असेल, तर अशी चिप निवडणे हीच पहिली चूक ठरते.

गळतीचा आकडा उलटा भरणे

सर्वाधिक वेळ खाणारी चूक हीच असल्याने ती सविस्तर पाहू. जीवशास्त्राच्या पुस्तकात पेशीपटलाचा कालस्थिरांक (व्होल्टेज सुमारे 37 टक्क्यांवर यायला लागणारा वेळ) दिलेला असतो, उदाहरणार्थ 20 मिलिसेकंद. पायथॉनमधील अनेक ग्रंथालयांत (तयार कोडसंचांत) त्याऐवजी ‘प्रत्येक पावलाला किती उरते’ हा गुणक मागतात, जो 1 मिलिसेकंदाच्या पावलासाठी सुमारे 0.951 येतो. पहिल्या पिढीच्या लोइहीवर मात्र ‘प्रत्येक पावलाला किती गळते’ हे 4096 पैकी पूर्णांकात सांगावे लागते, म्हणजे 0.049 गुणिले 4096, सुमारे 200. ज्याने घाईत 0.951 लाच 4096 ने गुणून 3896 भरले, त्याच्या न्यूरॉनमध्ये पुढच्या पावलापर्यंत जेमतेम 5 टक्के व्होल्टेज उरते. असा न्यूरॉन काहीच साठवत नाही. एकाच पावलात बरेच संकेत एकदम आले तरच तो पेटतो, आणि शिकवलेले जाळे मुके झाल्यासारखे वाटते.

या चिपवर गळती दोन ठिकाणी असते, सिनॅप्सकडून (दोन न्यूरॉनमधील जोडणीकडून) येणाऱ्या प्रवाहाला एक आणि व्होल्टेजला दुसरी. प्रवाहाची गळती शून्य राहिली, तर एकदाच आलेला स्पाईक कायमचा प्रवाह सोडून जातो आणि न्यूरॉन अखंड पेटत राहतो. शिवाय उंबरठा आणि सिनॅप्सची वजने (जोडणीचे बळ) आतल्या आत 64 ने गुणली जातात, पण बायसला (न्यूरॉनला सतत मिळणाऱ्या ठरावीक आदानाला) स्वतःचा वेगळा घातांक द्यावा लागतो. तो विसरल्यास बायस अपेक्षेच्या 64 पट क्षीण पडतो.

उपाय साधा आहे, पण लोक तो टाळतात. संपूर्ण जाळे बाजूला ठेवून एकच न्यूरॉन घ्यावा, प्रवाहाची गळती पूर्ण म्हणजे 4096 ठेवावी, उंबरठ्याच्या खाली राहील एवढा एकच संकेत द्यावा आणि प्रत्येक पावलाचे व्होल्टेज लिहून काढावे. कालस्थिरांक 20 पावलांचा असेल, तर 20 पावलांनंतर सुमारे 37 टक्के उरले पाहिजे. तसे होत नसेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

ॲनालॉग चिपला डिजिटल समजणे

कार्व्हर मीड यांनी कॅलटेकमध्ये या शाखेचा पाया घातला, तो एका साधर्म्यावर: उंबरठ्याखालच्या व्होल्टेजवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरचा प्रवाह गेटच्या व्होल्टेजनुसार घातांकी रीतीने बदलतो, आणि पेशीपटलातील आयनमार्गांची वाहकताही साधारण तशीच वागते. मात्र याच घातांकामुळे दोन ट्रान्झिस्टरांमधील बारीकसा निर्मितीफरक प्रवाहात अनेकपट वाढून दिसतो आणि तापमानाचाही परिणाम होतो. म्हणून सर्व ॲनालॉग न्यूरॉनना सारखेच आकडे देऊन सारख्या वागणुकीची अपेक्षा धरू नये. प्रत्येकाचे अंशांकन करावे, किंवा शिकवण्याची प्रक्रियाच प्रत्यक्ष चिपवर चालवावी, म्हणजे वजने तो फरक सामावून घेतात. माझ्या मते दुसरा मार्ग अधिक टिकाऊ आहे.

हायडेलबर्गच्या ब्रेनस्केल्स-2 या ॲनालॉग चिपवर घड्याळाचाही घोळ होतो. तिचे न्यूरॉन जैविक काळाच्या 1000 पट वेगाने चालतात, त्यामुळे पेशीतील 20 मिलिसेकंद तिथे 20 मायक्रोसेकंद होतात. कॅमेऱ्याचा संकेत त्याच्या मूळ गतीने दिला, तर दोन स्पाईकांमध्ये न्यूरॉन पूर्ण गळून गेलेला असतो. मँचेस्टरची स्पिनेकर यंत्रणा याउलट एआरएम प्रोसेसरांवर, साधारणपणे 1 मिलिसेकंदाच्या पावलाने, जैविक वेळेतच चालते.

जोडण्यांची मर्यादा मात्र लवकर उमगते. मेंदूतील एका न्यूरॉनला हजारो सिनॅप्स असू शकतात. ट्रूनॉर्थच्या एका गाभ्यात 256 आदानरेषा आणि 256 न्यूरॉन एवढीच जागा असते, म्हणून रुंद थर आधीच विभागून आखावेत.

ऊर्जेचा हिशेब न करणे

ट्रूनॉर्थ सुमारे 70 मिलिवॅटवर चालली, कारण स्पाईक नसेल तिथे फारसे कामच होत नव्हते. सामान्य न्यूरल नेटवर्क जसेच्या तसे रूपांतरित करून प्रत्येक मूल्य स्पाईकांच्या संख्येतून दाखवले, तर एका मूल्यासाठी अनेक स्पाईक खर्ची पडतात आणि बचत आटते. त्यामुळे अचूकतेसोबत प्रत्येक उत्तरामागे पडलेले एकूण स्पाईकही मोजावेत. तो आकडा मोठा निघाला, तर मूल्य पहिल्या स्पाईकच्या वेळेतून सांगण्याची पद्धत वापरून पाहावी, किंवा शिकवतानाच जास्त स्पाईकांना दंड लावावा.