हीट पंप बसवलाय, तरी बिल का कमी होत नाही? कोकणातल्या घरांसाठी थोडं

गुहागर, दापोली, मालवणकडच्या होमस्टेवाल्यांकडून हल्ली हे बऱ्याचदा ऐकायला मिळतं, की हीट पंप वॉटर हीटर घेतला पण बिलात म्हणावा तसा फरक नाही. बहुतेक वेळा मशीन चांगलंच असतं, जागा नाहीतर सेटिंग चुकलेलं असतं.

आधी हिशोब बघा. विहिरीचं पाणी समजा २७ डिग्रीचं, असं २०० लिटर पाणी ५५ पर्यंत तापवायला साध्या गिझरला साडेसहा युनिट तरी लागतात. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, म्हणून नीट चालला तर तेच काम दोन युनिटच्या आसपास होतं. परदेशात जमिनीत पाईप पुरतात तसं करू का, असंही काहीजण विचारतात. नको. तिकडे हिवाळ्यात हवा शून्याखाली जाते आणि जमीन त्यामानाने उबदार राहते म्हणून ते परवडतं, आपल्याकडे हवा बारा महिने गरम, जमीनही जवळपास तेवढीच, मग जांभ्यात बोअर मारायला पैसे कशाला घालवायचे.

पहिलं काम रिमोटवर. मोड इको ठेवा. ऑटो किंवा हायब्रिड मोडमध्ये आतला हीटिंग रॉड गुपचूप चालू होतो आणि रॉड म्हणजे गिझरच झाला, सगळी बचत तिथेच संपली. पावसात लाईट जाऊन आली की काही मशीन आपोआप जुन्या मोडवर जातात, तेव्हा एकदा बघून घ्यायचं. तापमान ५० पुरतं, आंघोळीला आपण ४० चंच पाणी घेतो. फक्त आठवड्यातून एकदा ६० ला नेऊन आणा, टाकीत जंतू वाढत नाहीत. टायमर दुपारी १२ ते ४ चा लावा, हवा तेव्हा सगळ्यात गरम असते, पहाटे मशीन चालवण्यात काही अर्थ नाही.

आता कॉइल, म्हणजे मशीनमधला हवेतली उष्णता ओढणारा नळ्या-पात्यांचा भाग. आपल्याकडे खरा शत्रू खारा वारा. मागची जाळी काढून टॉर्च मारून बघा, ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर पांढरी भुकटी दिसेल, तांब्याच्या नळीला पाती टेकते तिथे जास्तच. ती साचली की हवा आत शिरत नाही, मशीन तासन् तास चालत राहतं आणि पाती हळूहळू गळून पडतात. मशीन बंद करून, मेन स्विच खाली पाडून, मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने वरून खाली झाडायचं, मग गोड्या पाण्याची हलकी धार. गाडी धुवायचा जेट अजिबात नको, पाती वाकतात. एप्रिल मेमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात, ते पाणी तर मुळीच नको. समुद्र जवळ असेल तर महिन्याला एकदा हे करा, आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीत न चुकता.

जागा अशी की घर मध्ये आणि समुद्र पलीकडे, म्हणजे वारा थेट लागत नाही. बंद खोलीत किंवा लाकडाच्या खोपीत कोंबू नका, मशीन थंड हवा बाहेर टाकतं आणि कोंडलेल्या जागेत तीच परत ओढतं. गोठ्याजवळही नको, तिथला अमोनिया तांबं खातो. वर पत्रा चालेल, पण चालू मशीनवर पावसाळ्यात प्लास्टिक गुंडाळणारे मी पाहिलेत, कृपा करून तसं करू नका. पावसाळी दमट हवा उलट फायद्याची आहे, कॉइलवर वाफेचं पाणी होताना तिची उष्णताही पाण्यालाच मिळते. ते ठिबकणारं पाणी पाईपने केळीकडे सोडा.

पाईपकडे कुणी बघतच नाही. पाऊण इंची पाईप न्हाणीघरापर्यंत १५ मीटर असेल तर त्यात साडेचार लिटर पाणी मावतं, आणि प्रत्येक वेळी नळ बंद केला की तेवढं गरम पाणी तिथेच थंड होतं. काळ्या फोमचं वेष्टण चढवा, उन्हातल्या भागावर वरून टेप मारा, नाहीतर फोमचा दोन उन्हाळ्यात भुगा होतो.

गणपतीत चाकरमानी आले की पाणी पुरत नाही आणि सगळे रॉड चालू करतात. त्याऐवजी तेवढे दिवस टायमर सकाळी आंघोळी उरकल्या की लगेच सुरू होईल असा लावा आणि तापमान ५५ करा, संध्याकाळपर्यंत टाकी परत भरलेली मिळते.