मुलांमधला मंत्रचळ कसा ओळखायचा?

मंत्रचळ, म्हणजे ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर), हा मानसिक आजार आहे, टापटिपीचा अतिरेक नव्हे. खोलीभर पसारा असलेल्या मुलालाही तो असू शकतो. नको असताना मनात घुसणारा विचार (जंतू लागतील, आईला काहीतरी होईल) आणि त्याची भीती शमवायला करावीच लागणारी कृती, असं हे चक्र असतं. कृती केली की घटकाभर बरं वाटतं, म्हणूनच पुढच्या वेळी ती केल्याशिवाय राहवत नाही.

दोन ते सहा वर्षांची मुलं रोज तीच गोष्ट, तोच क्रम मागतात, ते वयानुरूप आहे. मध्येच अडवलं तर रुसतात आणि विसरतात. मंत्रचळ असलेलं मूल मात्र घाबरतं आणि पहिल्यापासून सुरू करतं. रोज तासाभराहून जास्त वेळ यात जात असेल, किंवा झोप, शाळा, खेळ यांत अडथळा येत असेल, तर तपासणी करून घ्या.

वह्या बघा: खोडून खोडून भोक पडलेलं पान, येत असूनही अर्धवट राहिलेला पेपर. लाल, भेगाळलेले हात. उत्तर मिळाल्यावरही पुन्हा "नक्की ना?" मनातल्या मनात मोजणं तर दिसतही नाही, शिक्षकांना वाटतं, लक्ष नाही.

"असं का करतोस?" याला बहुतेक मुलांकडे उत्तर नसतं. "नाही केलंस तर काय होईल?" असं विचारा. लहान मुलं "बरोबर वाटत नाही" एवढंच सांगतात, तेही पुरेसं आहे. कुणाला इजा करण्याचे किंवा घाणेरडे वाटणारे विचार मुलं लाजेने लपवतात. ते ऐकून दचकू नका. असे विचार येणं म्हणजे तसं करायची इच्छा असणं नव्हे.

दोन आठवडे नोंद ठेवा: कृती कोणती, कशानंतर, किती मिनिटं, आणि घरच्यांनी काय केलं. हा शेवटचा रकाना पालक हमखास गाळतात. वारंवार दिलासा देणं, मुलाऐवजी दाराची कडी तपासणं, यानेही चक्र पक्कं होतं.

ही नोंद बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मुख्य उपचारात मूल भीतीला पायरीपायरीने सामोरं जातं आणि कृती टाळायला शिकतं. गरज पडली तर औषधंही असतात, त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात. लक्षणं एक-दोन दिवसांत एकदम उफाळली, सोबत खाणं सुटलं किंवा अंगाला झटके येऊ लागले, तर थांबू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा.

तोवर दिलासा एका फटक्यात बंद करू नका. तो कोणत्या क्रमाने कमी करायचा, हे तज्ज्ञांसोबत आणि मुलाला सांगूनच ठरवा.